ऑबर्न टायगर्सचा २०१३ चा सीझन

ऑबर्न युनिव्हर्सिटी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात आहे आणि तिच्या फुटबॉल टीमचं नाव टायगर्स. फुटबॉल म्हणजे इथे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून अंगावर धावून जायचा तो, आपल्याकडे कोल्हापूर-गोव्यात खेळतात तो नाही. आदल्या वर्षी, २०१२ ला, ही टीम १२ पैकी फक्त ३ मॅच जिंकली होती, स्वतःच्या कॉन्फरन्समधल्या (कॉलेजांच्या गटातल्या) म्हणजे एसईसीमधल्या आठच्या आठ हरली होती, आणि शेवटच्या मॅचला शेजारच्या अलाबामाने त्यांना ४९-० असं धुतलं होतं. पुढच्याच वर्षी हीच टीम, बरेचसे तेच खेळाडू, एसईसी चॅम्पियन झाली आणि नॅशनल टायटल फक्त १३ सेकंदांनी हुकलं. एकूण रेकॉर्ड १२-२, म्हणजे १२ जिंकल्या, २ हरल्या.

या सीझनचं नाव निघालं की लोक दोनच गोष्टी सांगतात, जॉर्जियाविरुद्धचा तो पास आणि अलाबामाविरुद्धची ती किक, आणि मग सगळं नशिबावर ढकलून मोकळे होतात. नशीब होतंच, नाही कोण म्हणतंय, पण त्या दोन मॅच शेवटच्या मिनिटापर्यंत आल्या त्या धावण्याच्या खेळावर. ऑबर्नने त्या वर्षी बॉल घेऊन धावत दर मॅचला सरासरी ३२८ यार्ड काढले, देशात सगळ्यात जास्त.

२०१२ नंतर कोच जीन चिझिकला काढलं. खरं तर दोनच वर्षांपूर्वी, २०१० ला, त्याच चिझिकच्या हाताखाली कॅम न्यूटनला घेऊन ऑबर्न १४-० ने नॅशनल चॅम्पियन झालं होतं, पण तिकडे दोन वर्षांपूर्वीचं कोणी लक्षात ठेवत नाही. जागेवर आला गस मॅल्झान, २०१० ला ऑफेन्सचा, म्हणजे बॉल आपल्याकडे असतानाच्या खेळाचा, सगळा कारभार ह्याच्याकडेच होता, मधलं एक वर्ष तो अर्कान्सा स्टेटला हेड कोच होता. मूळचा हायस्कूलचा कोच. त्याची पद्धत अशी की दोन प्लेच्या (चालींच्या) मध्ये घोळका करून बोलत बसायचं नाही, लगेच पुढचा प्ले, समोरच्या डिफेन्सला श्वास घ्यायला आणि माणसं बदलायला वेळच द्यायचा नाही. वरून क्वार्टरबॅक (ऑफेन्स चालवणारा, पास फेकणारा) बॉल रनिंग बॅकच्या (बॉल घेऊन पळणाऱ्याच्या) पोटाशी धरतो आणि अगदी शेवटच्या क्षणी ठरवतो की द्यायचा की आपणच घेऊन पळायचं, त्यामुळे डिफेन्सवाला ज्याच्या मागे जाईल तो नेमका रिकाम्या हाताचा निघतो.

क्वार्टरबॅक निक मार्शल. हा आधी जॉर्जियात डिफेन्समध्ये खेळायचा, तिथून काढून टाकल्यावर कॅन्ससमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात गेला, तिथे क्वार्टरबॅक झाला आणि मग ऑबर्नला आला. पासिंग काही भारी नव्हतं त्याचं, पाय मात्र जबरदस्त. रनिंग बॅक ट्रे मेसन, त्याचे वडील डी ला सोल या हिपहॉप ग्रुपमधले मेसिओ. ट्रेने त्या सीझनला धावून १,८१६ यार्ड आणि २३ टचडाउन (बॉल समोरच्यांच्या टोकाच्या पट्टीत नेणं, ६ पॉइंट) केले. ऑफेन्सच्या लाइनवर, म्हणजे पुढे उभं राहून समोरच्यांना अडवणाऱ्या रांगेत, ग्रेग रॉबिन्सन नावाचा पहाड होता आणि डिफेन्सला डी फोर्ड.

सुरुवात काही फार भन्नाट नव्हती. मिसिसिपी स्टेटविरुद्ध १० सेकंद राहिलेले असताना टचडाउन मारून २४-२० ने सुटले, मग एलएसयूकडे (लुइझियाना स्टेट) जाऊन पावसात ३५-२१ ने हरले, हाफटाइमलाच २१-० ने मागे होते. नियमित सीझनमधली ही एकमेव हार. नंतर ऑक्टोबरमध्ये टेक्सस ए अँड एमच्या घरी जाऊन, त्यांचा स्टार क्वार्टरबॅक जॉनी मॅन्झिल समोर असताना, ४५-४१ ने जिंकले आणि माझ्या मते सीझन खरा तिथे फिरला, कारण त्याआधी ह्यांना कोणी सीरियसली घेतच नव्हतं.

१६ नोव्हेंबर, जॉर्जिया. चौथ्या क्वार्टरला ऑबर्न ३७-१७ ने पुढे होतं आणि जॉर्जियाने सलग टचडाउन मारत ३८-३७ करून टाकलं. आता चौथा आणि शेवटचा डाउन म्हणजे प्रयत्न, १८ यार्ड काढायलाच लागणार, अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ उरलेला. मार्शलने लांब फेकला, जॉर्जियाचे दोन डिफेंडर एकाच बॉलवर झेपावले, बॉल त्यांच्या हातांना लागून उडाला आणि पुढे पळत असलेल्या रिकार्डो लुईसच्या हातात पडला. ७३ यार्ड, टचडाउन, ४३-३८. जॉर्डन-हेअर स्टेडियमच्या नावावरून ह्या प्लेला ‘प्रेयर ॲट जॉर्डन-हेअर’ म्हणतात. त्या दोघा डिफेंडरांपैकी एकाने जरी बॉल सोडून दिला असता तरी जॉर्जिया बहुतेक जिंकलं असतं.

दोन आठवड्यांनी, ३० नोव्हेंबरला, आयर्न बोल. ऑबर्न विरुद्ध अलाबामा ही मॅच बरीच वर्षं बर्मिंगहॅम या लोखंड-पोलादाच्या शहरात व्हायची, नाव तिथूनच. राज्यात ह्या मॅचवरून घराघरात दोन पार्ट्या असतात. कोच निक सेबनची अलाबामा तेव्हा एक नंबरला, ११-०, लागोपाठ दोन वर्षं नॅशनल चॅम्पियन. चौथ्या क्वार्टरला त्यांचा क्वार्टरबॅक मॅकॅरनने अमारी कूपरला ९९ यार्डांचा टचडाउन दिला, २८-२१. अलाबामाला मॅच संपवायचे चान्स होते, पण एकदा चौथ्या डाउनला ऑबर्नने एका यार्डासाठी अडवलं आणि त्यांचा किकर तर त्या दिवशी चुकतच होता. ३२ सेकंद राहिले असताना मार्शल धावायचा आव आणून एकदम थांबला, सॅमी कोट्सला पास, २८-२८. हा प्ले लोक विसरतात आणि मला तोच सगळ्यात हुशारीचा वाटतो, दिवसभर धावून धावून डिफेन्सला पुढे खेचलं होतं म्हणूनच कोट्स एकटा सापडला.

मग वेळ संपला असं सगळ्यांना वाटलं, पण सेबनने हट्ट धरला की आपला माणूस बाउंड्रीबाहेर गेला तेव्हा एक सेकंद शिल्लक होता. रिव्ह्यू झाला, सेकंद परत मिळाला, आणि अलाबामाने ५७ यार्डांवरून फील्ड गोल मारायला, म्हणजे बॉल किक करून गोलपोस्टमधून घालवायला, वेगळा किकर पाठवला. नियम असा आहे की किक कमी पडली तर समोरचा बॉल झेलून पळू शकतो, म्हणून मॅल्झानने टाइमआउट घेऊन क्रिस डेव्हिसला गोलपोस्टखाली उभं केलं. किक कमी पडली. डेव्हिसने झेलली आणि डाव्या कडेने निघाला. फील्ड गोलच्या वेळी मैदानावर ब्लॉक करणारी जाडजूड मंडळी असतात, त्याच्यामागे पळणार कोण? १०९ यार्ड, ३४-२८, घड्याळात शून्य. ह्याला ‘किक सिक्स’ म्हणतात, सिक्स म्हणजे टचडाउनचे सहा पॉइंट. जो सेकंद सेबनने भांडून मिळवला त्याच सेकंदात तो हरला.

जिंकल्यावर ऑबर्नकर गावातल्या टूमर्स कॉर्नरला जाऊन झाडांवर टॉयलेट पेपरच्या गुंडाळ्या उडवतात, ही जुनी पद्धत. पण तिथले ओक अलाबामाच्या एका चाहत्याने २०१० च्या आयर्न बोलनंतर विष घालून मारले होते आणि ह्या सीझनच्या आधी एप्रिलमध्ये ते काढून टाकलेले. नवीन झाडं लागली २०१५ ला.

७ डिसेंबरला अटलांटात मिझूरीविरुद्ध एसईसी फायनल, ५९-४२. डिफेन्स दोन्हीकडे सुट्टीवर. मेसनने एकट्याने ४६ वेळा बॉल घेऊन ३०४ यार्ड आणि ४ टचडाउन, टीमचे धावून ५४५ यार्ड. त्याच रात्री दोन नंबरची ओहायो स्टेट मिशिगन स्टेटकडून हरली म्हणून ऑबर्नला नॅशनल फायनलचं दार उघडलं, कारण तिथे पहिल्या दोन नंबरच्याच टीम जायच्या, हेही नशीबच धरा हवं तर.

६ जानेवारी २०१४, नॅशनल फायनल, पॅसाडिनाचं रोझ बोल स्टेडियम, समोर फ्लोरिडा स्टेट. ऑबर्न २१-३ ने पुढे गेलं आणि मग हळूहळू सगळं घसरलं. किकऑफ परतवून १०० यार्डांचा टचडाउन बसला, तरी मेसनने ३७ यार्ड पळून १ मिनिट १९ सेकंद राहिले असताना ३१-२७ केलं. तेवढा वेळ त्यांचा क्वार्टरबॅक जेमिस विन्स्टनला पुरला, त्याचा विसावा वाढदिवस होता त्या दिवशी. १३ सेकंद असताना केल्विन बेंजामिनला पास, ३४-३१. एसईसीची सलग सात नॅशनल टायटलची मालिका तिथे तुटली, आणि दोन टीमची बीसीएस (नॅशनल चॅम्पियन ठरवायची तेव्हाची पद्धत) फायनलही ही शेवटचीच, पुढच्या वर्षीपासून चार टीमचा प्लेऑफ आला.

रॉबिन्सन २०१४ च्या ड्राफ्टमध्ये (प्रोफेशनल टीम कॉलेजचे खेळाडू निवडतात तो) दुसऱ्या नंबरला गेला, फोर्ड आणि मेसनही गेले. क्रिस डेव्हिसला मात्र कोणीच निवडलं नाही, तो ड्राफ्टबाहेरून सॅन डिएगो चार्जर्सकडे गेला. मार्शल प्रोफेशनल खेळात परत डिफेन्सकडेच वळला. मॅल्झान २०२० पर्यंत टिकला, त्याने अलाबामाला नंतर २०१७ आणि २०१९ ला पण हरवलं, पण एसईसी टायटल काही पुन्हा मिळालं नाही.