जहांगीरच्या आधी तोरसम

चेतना मारू यांची ‘वेस्टर्न लेन’ २०२३ साली बुकरच्या अंतिम यादीत आली, तेव्हा स्क्वॉशवर कादंबरी, याचंच अनेकांना नवल वाटलं. आई गेल्यावर वडील लेकींना कोर्टवर उतरवतात आणि अकरा वर्षांची गोपी त्यात बुडून जाते. लंडनजवळच्या गुजराती घरातली ही मुलगी. तिच्यासमोर आदर्श आहे पाकिस्तानी स्क्वॉशपटू जहांगीर खानचा, आणि ही निवड मला फार नेमकी वाटते.

कारण जहांगीरचा खेळही दुःखातूनच उभा राहिला. लहानपणी हर्नियामुळे डॉक्टरांनी त्याला खेळायला मनाई केली होती. तरी १९७९ मध्ये, पंधराव्या वर्षी, तो जागतिक हौशी विजेता झाला. त्याच वर्षी थोरला भाऊ तोरसम ऑस्ट्रेलियात सामना खेळता खेळता कोसळला आणि गेला. जहांगीर खेळ सोडायला निघाला होता. चुलतभाऊ रहमतनं स्वतःची कारकीर्द बाजूला ठेवून त्याला घडवलं. १९८१ मध्ये, सतराव्या वर्षी, त्यानं जेफ हंटला हरवून वर्ल्ड ओपन जिंकली. पुढे १९८२ ते १९९१ सलग दहा वेळा ब्रिटिश ओपन, ही स्क्वॉशमधली मानाची स्पर्धा. गोपीच्या घरात हेच नाव का, हे वेगळं सांगायला नको.

या घराण्याची मुळं पेशावरजवळच्या नवाकिल्लीत. याच घराण्यातला हाशिम खान ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या क्लबात चेंडू वेचणारा पोरगा. साहेब घरी गेले की अनवाणी खेळायचा. १९४४ मध्ये तो मुंबईत अखिल भारतीय स्पर्धा जिंकला. तिथे ज्याला तो हरवत आला, तो अब्दुल बारी १९५० मध्ये भारतातर्फे ब्रिटिश ओपनच्या अंतिम फेरीपर्यंत पोचला. मग हाशिमला पेशावरात चैन कसं पडणार? पुढच्याच वर्षी, पस्तिशी उलटल्यावर, त्यानं इजिप्तच्या महमूद करीमला हरवून किताब नेला.

साहेबाच्या देशातल्या लेखकांना मात्र या खेळात वेगळंच दिसतं. इयन मॅकइवान यांच्या ‘सॅटर्डे’ कादंबरीत दोन डॉक्टर ईर्ष्येनं खेळतात आणि एका ‘लेट’वरून, म्हणजे गुण पुन्हा खेळायचा की नाही यावरून, हुज्जत घालतात. प्रसंग झकास आहे, पण तिथे पणाला लागतो तो फक्त अहंकार.

खेळाडूंचं स्वप्न एकच, ऑलिंपिक. २०१२, २०१६, २०२० या तिन्ही वेळा स्क्वॉशला नकार मिळाला आणि मलेशियाची निकोल डेव्हिड आठ जागतिक विजेतेपदं घेऊन त्याविनाच निवृत्त झाली. १६ ऑक्टोबर २०२३ ला, हाशिम जिथे पहिल्यांदा जिंकला त्याच मुंबईत, ऑलिंपिक समितीनं लॉस एंजेलिस २०२८ साठी होकार दिला.