टेसॉलचे प्रमाणपत्र आणि टेसॉलची पदवी : अभ्यासाची आखणी करण्यापूर्वी

नागपुरात इंग्रजी विषय घेऊन बी.ए. किंवा एम.ए. करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना साहित्याच्या अभ्यासापेक्षा इंग्रजी शिकवण्याच्या कामाची ओढ अधिक असते. इतर भाषकांना इंग्रजी शिकवण्याचे रीतसर शिक्षण, म्हणजेच टेसॉल, घ्यावे म्हणून ते चौकशी सुरू करतात आणि दोन निराळ्या गोष्टी एकाच नावाने त्यांच्यापुढे येतात : काही आठवड्यांचे प्रमाणपत्र आणि एक-दोन वर्षांची विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी. प्रमाणपत्र म्हणजे पदवीचीच छोटी आवृत्ती, असा समज त्यातून सहज होतो. हा समज चुकीचा आहे आणि त्यावर केलेली आखणी वेळ व पैसा या दोन्ही बाबतींत महाग पडते.

प्रमाणपत्रांपैकी सर्वांत परिचित म्हणजे केंब्रिजचे सेल्टा. त्यात किमान १२० तासांचे मार्गदर्शन असते. परंतु त्याचे खरे मोल ६ तासांच्या सराव-अध्यापनात आहे. हे पाठ खरोखर इंग्रजी शिकायला आलेल्या प्रौढांच्या वर्गावर घ्यायचे असतात. आपल्याकडील बी.एड.च्या सूक्ष्म अध्यापनात सहाध्यायीच विद्यार्थी होऊन बसतात, तसे येथे चालत नाही. प्रशिक्षणार्थीला निदान दोन वेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना शिकवावे लागते, प्रशिक्षक मागे बसून नोंदी घेतो आणि त्या नोंदींवर नंतर सविस्तर चर्चा होते. त्याखेरीज अनुभवी शिक्षकांच्या ६ तासांच्या पाठांचे निरीक्षण आणि ४ लेखी कामे असतात. ट्रिनिटी कॉलेज लंडनचे सर्ट-टेसॉल हे याच तोडीचे प्रमाणपत्र असून तेथेही ६ तासांचे पाठ अनिवार्य आहेत.

येथे एका गोष्टीबाबत सावध करणे मला आवश्यक वाटते. इंटरनेटवर अत्यल्प शुल्कात मिळणारी असंख्य टेसॉल प्रमाणपत्रे जाहिरातीत ‘१२० तास’ हाच आकडा वापरतात. आकडा तोच असला, तरी त्यांपैकी बहुतेकांत एकही पाठ प्रत्यक्ष वर्गावर घ्यावा लागत नाही आणि कोणीही तो पाहत नाही. ज्या प्रमाणपत्रात पाहिलेला आणि तपासलेला पाठ नाही, त्याला शिक्षक-प्रशिक्षण म्हणता येणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. चौकशी करताना एकूण तास न विचारता ‘खऱ्या विद्यार्थ्यांपुढे किती तास शिकवायचे आणि ते कोण पाहणार?’ असे विचारावे.

पदवीचा रोख निराळा असतो. दुसरी भाषा कशी आत्मसात होते, अध्यापनोपयोगी व्याकरण, ध्वनिविचार, पाठ्यक्रमाची रचना, अध्ययनसाहित्याची निर्मिती, भाषिक चाचण्या आणि संशोधनपद्धती हे तिचे नेहमीचे विषय असून शेवटी बहुधा प्रबंध असतो. सराव-अध्यापन मात्र पदवीत असेलच असे नाही. ब्रिटनमधील अनेक एम.ए. टेसॉल अभ्यासक्रमांत ते नसते किंवा ऐच्छिक असते, आणि काही विद्यापीठे प्रवेशासाठीच अध्यापनाचा पूर्वानुभव मागतात. एकही वर्ग न सांभाळता टेसॉलची एम.ए. होणे त्यामुळे शक्य असते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या लक्षात फार उशिरा येते.

दोन्हींतील भेद एका पाठावरून पाहू. ‘आय सॉ अ डॉग. द डॉग वॉज स्लीपिंग.’ ही दोन वाक्ये आठवीच्या वर्गाला शिकवायची आहेत. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, हिंदीतही नाहीत. त्यामुळे मुले ती गाळतात किंवा नको तेथे घालतात. प्रमाणपत्राचे प्रशिक्षण घेतलेला शिक्षक पाठ टाचणात ‘अपेक्षित अडचणी’ या रकान्यात हे आधीच लिहून ठेवतो. तो चित्र दाखवून छोटा प्रसंग सांगतो. ‘पहिल्या वाक्यात कोणता कुत्रा ते आपल्याला ठाऊक आहे का? दुसऱ्या वाक्यात?’ असे नेमके प्रश्न विचारून अर्थ कळला की नाही ते तपासतो, मुलांना जोडीने सराव देतो आणि हे सारे ठरलेल्या मिनिटांत बसवतो. ‘समजले का?’ असे विचारून वर्गाकडून ‘हो’ घेण्याची सवय मोडणे, हा या प्रशिक्षणाचा मोठा लाभ आहे.

पदवीचा अभ्यास केलेला शिक्षक त्याआधीचे प्रश्न विचारतो. उपपदे ही अनेक विद्यार्थ्यांच्या इंग्रजीत फार उशिरा स्थिरावतात. मग आठवीत त्यांवर किती वेळ घालवावा? उपपद गळूनही अर्थ पोहोचत असेल, तर निबंधात त्याचे गुण कापावेत का, आणि कापायचे तर कोणत्या निकषाने? नियम आधी सांगून उदाहरणे द्यावीत, की भरपूर वाचनातून नियम मुलांनाच सापडू द्यावा? या प्रश्नांची उत्तरे वर्गात मिनिटे मोजून सापडत नाहीत. त्यासाठी वाचन, पुरावा आणि वाद तपासण्याची सवय लागते. उलट ही सवय असूनही चाळीस मुलांच्या वर्गात जोड्या लावता न येणारा शिक्षक असू शकतो. दोन्ही कौशल्ये खरी आहेत आणि एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही.

नागपूरच्या दृष्टीने आणखी एक फरक महत्त्वाचा आहे. ब्रिटिश प्रमाणपत्रांची पद्धत ज्या वर्गांसाठी घडली, तेथे निरनिराळ्या देशांतील, परस्परांची भाषा न कळणारे विद्यार्थी एकत्र बसत. म्हणून वर्गात बहुधा फक्त इंग्रजीच वापरण्यावर भर आला. आपल्या शहरातील वर्गात घरी मराठी किंवा तिची नागपुरी बोली, हिंदी, जरीपटक्यातील सिंधी, तसेच विदर्भाच्या ग्रामीण भागातून आलेल्या काहींच्या बाबतीत गोंडी, अशा अनेक भाषा असल्या, तरी मराठी आणि हिंदी जवळजवळ सर्वांना कळते. येथे विद्यार्थ्यांच्या भाषेचा विचारपूर्वक उपयोग करणे शक्य आहे आणि हितावहही आहे. तो केव्हा व किती करावा, याचे शिक्षण द्विभाषिकतेवरील पदवीच्या पेपरमध्ये मिळते. तो पेपर ऐच्छिक असेल, तर आपल्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य घ्यावा.

व्याकरणाचा पेपर निवडतानाही अशीच गल्लत होते. भाषाविज्ञानातील वाक्यविचाराचा पेपर आणि अध्यापनोपयोगी व्याकरणाचा पेपर वरवर सारखे दिसतात. आपला विद्यार्थी ‘टेल मी व्हेअर इज द स्टेशन’ असे म्हणतो, कारण ‘स्टेशन कुठे आहे ते सांगा’ या मराठी वाक्यात प्रश्नाचा शब्दक्रम बदलावा लागत नाही. इंग्रजीत सरळ प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी का जाते आणि अंतर्गत प्रश्नात ते का जात नाही, याचे विश्लेषण पहिला पेपर करतो. ही रचना कोणत्या पातळीवर, कोणत्या रचनेनंतर, कोणत्या प्रसंगातून शिकवावी हे दुसरा पेपर सांगतो. एकच घेणे शक्य असेल, तर शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने दुसरा घ्यावा.

श्रेयांकांची (क्रेडिटची) तुलना करताना केवळ आकड्यांवर जाऊ नये. ब्रिटनमधील एका वर्षाची एम.ए. १८० श्रेयांकांची असते आणि त्यांपैकी साधारणतः ६० प्रबंधाला असतात. अमेरिकेत हीच पदवी बहुधा ३० ते ३६ श्रेयांकांची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातील दोन वर्षांची एम.ए. ८८ श्रेयांकांची. एका श्रेयांकामागे धरलेले तास प्रत्येक ठिकाणी निराळे असतात. आपल्याकडे तासिकांचा एक श्रेयांक १५ तासांचा धरला, तर ४ श्रेयांकांचे दोन पेपर मिळून १२० तास होतात. म्हणजे तासांच्या हिशेबाने सेल्टा दोन पेपरांएवढे भरते; फक्त त्या दोन पेपरांत वर्गावरचे पाठ नसतात.

हे पाठ आपल्याच एम.ए.त मिळवण्याची एक वाट आहे आणि तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. नव्या रचनेत पहिल्या वर्षी ४ श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण, ज्याला सगळे ओजेटी म्हणतात, ठेवलेले आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या परिक्षेत्रात इंग्रजीची एम.ए. करणाऱ्याने विभागाची संमती घेऊन हे प्रशिक्षण एखाद्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवून पूर्ण करावे, दुसऱ्या वर्षीचा संशोधन प्रकल्प त्याच वर्गातील एखाद्या प्रश्नावर बेतावा आणि शक्य तेथे भाषाध्यापनाचे ऐच्छिक पेपर घ्यावेत. याच विषयात पुढे सखोल शिक्षण हवे असेल, तर हैदराबादचे इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ फार दूर नाही. १९५८ मध्ये स्थापन झालेली ही संस्था इंग्रजीच्या शिक्षकांचे प्रशिक्षण हेच मूळ काम घेऊन उभी राहिली. तिचे पीजीसीटीई, म्हणजे इंग्रजी अध्यापनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम, हेही प्रमाणपत्रच आहे. मात्र ते पदव्युत्तर आणि विद्यापीठीय असल्यामुळे त्याला सेल्टाच्या रांगेत बसवू नये.

नोकरीच्या पात्रतेचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो. भारतातील माध्यमिक शाळेसाठी बी.एड. लागते, सेल्टा किंवा टेसॉलची एम.ए. तिची जागा घेत नाही. महाविद्यालयात सहायक प्राध्यापक होण्यासाठी पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा (अथवा पीएच.डी.) आवश्यक आहे. इंग्रजीच्या नेटमध्ये भाषा व अध्यापन हा एक घटक आहे, पण बहुतेक घटक साहित्याचे व समीक्षेचे आहेत. टेसॉलची पदवी परदेशातून घेऊन येथे परतायचे असेल, तर ही तयारी वेगळी करावी लागेल. अमेरिकेतील सरकारी शाळांत शिकवण्याचा परवाना तेथील राज्ये देतात, तो एम.ए.बरोबर आपोआप मिळत नाही. खासगी भाषासंस्थांत आणि परदेशातील प्रौढांच्या वर्गांसाठी मात्र सेल्टा हेच अनेकदा प्रथम मागितले जाते.

क्रम ठरवताना मी विद्यार्थ्यांना आधी वर्ग आणि नंतर सिद्धान्त असे सुचवतो. एक-दोन वर्षे शिकवून मग पदवीला जाणाऱ्याकडे स्वतःचे प्रश्न असतात आणि प्रबंधाचा विषय शोधत बसावे लागत नाही. या काळातील पाठ टाचणे, निरीक्षकांचे शेरे आणि किती तास, कोणत्या पातळीच्या वर्गाला शिकवले याचे संस्थेच्या शिक्क्यानिशी पत्र जपून ठेवावे. पूर्वानुभव मागणारी विद्यापीठे अर्जाबरोबर असाच पुरावा पाहतात, आणि मुख्याध्यापक बदलल्यानंतर असे पत्र मिळवणे अवघड होऊन बसते.