स्थानिक ऑर्किडांचे सर्वेक्षण व संवर्धन

शेती, रस्ते, खाणी व वसाहतींसाठी जमिनीचा वापर झपाट्याने बदलत असलेल्या प्रदेशात मूळच्या ऑर्किड (आमर) जाती शोधणे, त्यांच्या नोंदी ठेवणे आणि त्यांना त्यांच्याच अधिवासात टिकवणे, असे या कामाचे स्वरूप आहे. ऑर्किडेसी कुलात सुमारे २८,००० जाती आहेत. त्यांतील कित्येक अगदी लहान क्षेत्रापुरत्या मर्यादित असल्याने एखादी टेकडी सपाट झाली, तरी एक जात कायमची जाऊ शकते.

सर्वेक्षणातली मोठी अडचण म्हणजे वनस्पती असूनही ती न दिसणे. जमिनीवर वाढणाऱ्या पुष्कळ जाती वर्षाचा बराच काळ कंदरूपाने मातीखाली काढतात. काही रोपे एखाद्या वर्षी, क्वचित सलग काही वर्षे, वर येतच नाहीत. ऑस्ट्रेलियातील पायरॉर्किस नायग्रिकन्स तर प्रामुख्याने वणव्यानंतर फुलते. त्यामुळे प्रकल्पापूर्वी एकच फेरी मारून ‘ऑर्किड आढळले नाही’ असा दिलेला अहवाल ग्राह्य धरणे घातक आहे. त्याच आखलेल्या चौकटींत, फुलोऱ्याच्या हंगामात, वर्षानुवर्षे पाहणी करावी लागते. रोपांना क्रमांक देऊन कोणते फुलले, कोणाला फळ धरले, नवी रोपे उगवली का, हे टिपतात. अपिवनस्पतींसाठी, म्हणजे झाडांवर वाढणाऱ्या जातींसाठी, आधारवृक्षाचीही नोंद करतात. दुर्मीळ जातींचे नेमके ठिकाण मात्र जाहीर करत नाहीत. इंग्लंडमध्ये नामशेष मानलेल्या सिप्रिपेडियम कॅल्सिओलसचे रोप १९३० मध्ये यॉर्कशरमध्ये सापडले, तेव्हा चोरीच्या भीतीने ती जागा गुप्त ठेवून राखण करावी लागली.

केवळ रोपांची संख्या पुरेशी नसते. धुळीसारख्या बियांत अन्नसाठा जवळजवळ नसतो. त्या रुजण्यासाठी विशिष्ट बुरशी लागते, हे फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नोएल बर्नार यांनी १८९९ मध्ये दाखवले. जागेत ती बुरशी आहे का हे पाहण्यासाठी बिया बारीक जाळीच्या पुडीत घालून मातीत पुरतात व काही महिन्यांनी उकरून तपासतात. परागणही तितकेच नाजूक असते. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य भागातील ड्रेकिया ऑर्किडांची फुले गांधीलमाशीच्या मादीची नक्कल करून नराला फसवतात, आणि बहुधा एका ऑर्किड जातीला एकाच जातीची माशी चालते. तिथल्याच गव्हाच्या पट्ट्यात १९२८ मध्ये रायझॅन्थेला गार्डनेरी सापडली. हिला हरितद्रव्य नाही. ती जमिनीखालीच फुलते आणि बुरशीमार्फत मेलाल्यूका झुडपांकडून अन्न मिळवते. शेतीसाठी ती झुडपे उपटली, की ऑर्किडही संपते.

संवर्धनात म्हणूनच अधिवास राखण्याला पर्याय नाही. नुसते कुंपणही पुरत नाही: युरोपातील गवताळ कुरणांत चराई वा गवतकापणी थांबली की झुडपे माजतात आणि ऑर्किड दबतात, तर रासायनिक खत टाकले की उंच गवत त्यांना झाकून टाकते. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये बुरशीवाचून, साखरयुक्त माध्यमात बिया रुजवून दाखवल्या, आणि प्रयोगशाळेत रोपे करणे शक्य झाले. पण अशी किंवा प्रकल्पाच्या जागेवरून हलवलेली रोपे नव्या ठिकाणी जगली, एवढ्याने यश मोजू नये; तिथे त्यांच्या बियांपासून आपोआप नवी रोपे उगवली पाहिजेत.

संकटग्रस्त वन्य प्राणी व वनस्पतींविषयीच्या ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय करारात संपूर्ण ऑर्किड कुलाचा समावेश आहे, परंतु तो फक्त आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करतो. जमीन नांगरावी की राखावी हे स्थानिक भूवापर आराखड्यात ठरते. सर्वेक्षणाच्या नोंदी तो आराखडा मंजूर होण्याआधी तिथे पोहोचणे आवश्यक असते.