पाळकाचे डोळे भरून येणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे

समुपदेशन करताना पाळकाचे डोळे भरून आले तर त्याचा विश्वास कच्चा, असे सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळ्यांत आजही ऐकू येते. लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला (योहान 11:35), हे वाचूनही हा समज टिकावा, याचे मला वाईट वाटते. मानसोपचार करणाऱ्याच्या मनात उठणाऱ्या अशा भावनांना मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडने 1910 मध्ये अडथळा मानले होते. 1950 मध्ये मात्र मनोविश्लेषक पॉला हायमन यांनी त्याच भावना समोरच्याला समजून घेण्याचे साधन ठरतात, असे मांडले.

नुकसान होते ते भावना ओळखली नाही तर. समजा, नवरा गेलेली एखादी विडी कामगार बाई पदराचा काठ चाळवत बोलते आहे. नुकतीच आई गमावलेल्या पाळकाला स्वतःचेच दुःख सोसवत नाही, म्हणून तो घाईने प्रार्थना सुरू करतो आणि तिचे वाक्य अर्धेच राहते.

अमेरिकेत पाळक अँटन बॉयसन यांनी 1925 पासून वूस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मविद्येच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये ठेवून शिकवले. त्या परंपरेत भेटीतला संवाद आठवून लिहितात आणि त्या क्षणी आपल्याला काय वाटले, हे मार्गदर्शकासोबत तपासतात. आपल्याकडचा पाळकही भेटीनंतर, कोणाचे नाव न लिहिता, हे वहीत उतरवू शकतो.