लिथियमची गोळी आणि मराठवाड्यातला मे महिना

मे महिन्यात परभणी, नांदेड, हिंगोलीकडे पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हा बायपोलर आजारासाठी, म्हणजे मन कधी उन्मादाच्या तर कधी खोल उदासीच्या टोकाला नेणाऱ्या आजारासाठी, लिथियम घेणाऱ्या माणसाला उन्हाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. गोळी तीच, डोस तोच. तरीही रक्तातलं औषध चढत जातं. हे घरच्यांना उन्हाळ्याआधीच माहीत असायला हवं, असं मला फार वाटतं.

लिथियम हा मिठातल्या सोडियमच्याच कुळातला धातू. उन्मादाच्या दहा रुग्णांवर त्याचा झालेला परिणाम ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ साली प्रसिद्ध केला. रात्र रात्र झोप नाही, अखंड बडबड, हाती येईल तो पैसा उधळणं; आणि मग कधी अंथरुणातून उठवतही नाही. ही दोन्ही टोकं लिथियम आवरतं. या रुग्णांमधला आत्महत्येचा धोकाही ते कमी करतं, आणि मराठवाड्यात त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

अडचण मूत्रपिंडापाशी आहे. मूत्रपिंड लिथियमला सोडियमसारखंच वागवतं. दिवसभर रानात घाम गाळला आणि पाणी कमी पडलं, की शरीर सोडियम धरून ठेवू लागतं. त्याच्यासोबत लिथियमही लघवीवाटे बाहेर न पडता रक्तात परततं. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं आहे. रक्तात लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल लिथियम हवं, १.५ च्या पुढे विषबाधा दिसू लागते. हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, तोल जातो, जीभ जड होते. आपल्याकडे याला ‘ऊन लागलं’ म्हणतात, कांद्याचा रस चोळून सावलीत झोपवतात, आणि रात्रीची गोळी मात्र न चुकता देतात.

कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनीही लिथियम वाढतं. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांचंही तसंच.

म्हणून धास्तीने औषध सोडून देऊ नये. अचानक सोडलं तर आजार उलटण्याची भीती मोठी. पाणी वेळोवेळी प्यावं. मीठ रोजच्याइतकंच ठेवावं, कारण ते एकदम कमी केलं तर लिथियम चढतं आणि एकदम वाढवलं तर उतरतं. निर्जळी एकादशी किंवा रोजे धरायचे असतील तर डॉक्टरांशी आधी बोलावं. ऊन तापू लागताच रक्त तपासून घ्यावं. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी. वरची लक्षणं दिसली तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लिथियम सुरू असल्याचं तिथे सर्वांत आधी सांगावं.