सातवाहनकालीन व्यक्तिनामे

सातवाहनकालीन व्यक्तिनामे : इ. स. पू. पहिले शतक ते इ. स. तिसऱ्या शतकाचा आरंभ या काळात महाराष्ट्रातील लेण्यांत, नाणेघाटात आणि नाण्यांवर ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत कोरली गेलेली माणसांची नावे. नाशिक, कार्ले, भाजे, बेडसे, जुन्नर, कान्हेरी आणि कुडा ही ती सापडण्याची मुख्य ठिकाणे. राजा-राणीच्या बरोबरीने सुतार, माळी, लोखंडाचे व्यापारी, लेखनिक, भिक्षुणी आणि यवनही, म्हणजे ग्रीक परंपरेतले परदेशीही, या यादीत आहेत, कारण लेण्यातला एखादा खांब किंवा पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान करणाऱ्यालाही आपले नाव दगडावर घालता येई. आडनाव मात्र यांतल्या कोणालाच नाही. माणूस कोणाचा, कुठला आणि काय करतो, एवढे सांगितले की ओळख पुरी होई.

सर्वांत ठळक दिसते ते आईवरून घेतलेले नाव. गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही नावे शाळेपासून परिचयाची आहेत, पण ‘गौतमी’ हे राजमातेचे स्वतःचे नाव होते असा समज अजूनही आढळतो. तिचे नाव बलश्री. गौतमी हे तिच्या माहेरच्या गोत्रावरून आलेले विशेषण आहे. वासिष्ठी, माढरी, कौशिकी, हारीती ही सगळी त्याच प्रकारची. नाशिकच्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यातला बलश्रीचा लेख नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षी कोरला गेला. त्यात मुलाच्या पराक्रमांच्या लांबलचक यादीत तो आईची अखंड सेवा करणारा होता, हेही ती नोंदवायला विसरत नाही.

यावरून मातृसत्ता होती असा निष्कर्ष काढला जातो, तो टिकत नाही. गादी बापाच्या वंशातच चाले. राजाला अनेक राण्या असत आणि सातकर्णी, पुळुमावी अशी तीच ती नावे घराण्यात फिरत राहत; तेव्हा कोणत्या राणीचा मुलगा, हे सांगण्याचा सोपा मार्ग म्हणजे तिचे गोत्र, हा खुलासा अधिक पटतो. ही रीत राजघराण्यापुरतीही नव्हती. कार्ल्याचा सिंहस्तंभ देणारा महारठी (ही सरदारांची पदवी) अगिमित्रणक स्वतःला ‘गोतिपुत’ म्हणवतो, भाज्याला पोढी देणारा महारठी विण्हुदत ‘कोसिकिपुत’ आहे. तिकडे विदिशेजवळच्या, ग्रीक राजदूत हेलिओदोरसाच्या गरुडस्तंभावरचा राजा भागभद्रही ‘कासीपुत’च आहे. सातवाहनांनंतर नाशिक भागात आलेल्या आभीरांचा राजा ईश्वरसेन ‘माढरीपुत्र’ म्हणून येतो. बदामीच्या चालुक्यांपर्यंत पोचता पोचता मात्र गंमत होते. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या प्रत्येक जण ‘हारीतिपुत्र’! प्रत्येकाची आई त्याच गोत्रातली असणे शक्य नाही. एका माणसाची ओळख सांगणारे विशेषण तोवर घराण्याचे बिरुद होऊन बसले होते.

आडनावाच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘सातवाहन’ हाच. नाशिकच्या एका लेखात कण्ह (कृष्ण) राजाला ‘सादवाहन’ कुळातला म्हटले आहे, आणि बलश्रीच्या लेखात तिचा मुलगा सातवाहन कुळाचे यश पुन्हा प्रतिष्ठित करणारा आहे. तरी राजे नाण्यांवर हा शब्द सहसा घालत नाहीत. त्याच्या अर्थाबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही. ‘सप्तवाहन’, म्हणजे सात घोड्यांचा रथ असलेला सूर्य, ही संस्कृत व्युत्पत्ती जुनी. मुंडा भाषांतल्या घोडा आणि पुत्र या अर्थाच्या शब्दांशी जोडणारी दुसरी. ‘सातकर्णी’मधल्या ‘कर्णी’चा कोणी कान असा अर्थ घेतात, कोणी बाण, तर कोणी पुन्हा पुत्र. संस्कृत व्युत्पत्ती कानाला गोड लागते, पण घराण्याचे नाव आधी आणि त्याला संस्कृत पोशाख नंतर, असे इतिहासात इतक्यांदा घडले आहे की केवळ गोडव्यावर विसंबू नये.

सामान्यांची नावे वाचताना देवाच्या किंवा धर्माच्या नावापुढे दत (दत्त), मित (मित्र), पालित, रखित (रक्षित), भूति यांपैकी एक शेपूट लागलेले वारंवार दिसते : विण्हुदत, खंदपालित, धम्मरखित, शिवभूति. नावावरून धर्म ओळखण्याची आपली सवय इथे उपयोगी पडत नाही. रायगड जिल्ह्यातल्या कुडा येथे महाभोज (हीही सरदारांची पदवी) मंदव खंदपालिताच्या पदरी असलेला लेखनिक शिवभूति आणि त्याचा धाकटा भाऊ शिवम या दोघांची नावे शिवाची, आणि दान मात्र बौद्ध लेण्याला. त्याच लेण्यांत अयितिलु नावाच्या ब्राह्मण उपासकाची बायको भयिला हिने चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनागृह, दिले आहे. ब्राह्मण जोडपे, पण दोन्ही नावे सरळ संस्कृत वळणाची नाहीत. भयिलातला ‘इल’ हा लाडाच्या नावांचा प्रत्यय असावा. ‘देवदत्त’चे ‘देविल’ कसे होते याचा नियम पाणिनीने दिलेला आहे. म्हणजे पंढरीनाथाचा पंढऱ्या करण्याची हौस व्याकरणकारांनीही दखल घ्यावी इतकी जुनी आहे.

नावापुढे धंदा किंवा गाव येई. कार्ल्याच्या चैत्यगृहाचे दार घडवणारा धेनुकाकट गावचा ‘वढकि’ (सुतार) सामि आपल्या बापाचे नावही देतो, वेणुवास. तिथेच ‘गंधिक’ सिंहदत, म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापारी. कुड्याला ‘मालाकार’, म्हणजे माळी. गावाला ‘क’ जोडून सोपारक, कलियाणक, नासिकक अशी रूपे होत. आजच्या नाशिककर, कल्याणकरशी त्यांची ठेवण जुळते, पण ती वारसाने आलेली आडनावे नव्हेत. माणूस जन्मगाव सोडून बाहेर दान द्यायला गेला की गावाचे नाव अधिक महत्त्वाचे ठरे.

परकीयांनी ही पद्धत किती लवकर उचलली, हे या नावांतून फार छान दिसते. सातवाहनांचा शत्रू, क्षहरात घराण्यातला शक क्षत्रप (प्रांताधिपती) नहपान याचे नाव इराणी वळणाचे. त्याची मुलगी मात्र दखमिता, म्हणजे दक्षमित्रा, आणि जावई दिनीकपुत्र उषवदात, म्हणजे ऋषभदत्त. बाप दिनीक आणि मुलगा ऋषभदत्त : एका पिढीत झालेला हा बदल. यवनांचेही तसेच. नाशिकच्या सतराव्या लेण्याचा दाता उत्तरेकडून आलेला ‘योणक’ आहे, पण त्याचे नाव इंद्राग्निदत्त, बापाचे धम्मदेव आणि मुलाचे धम्मरखित. ‘योणक’ हा शब्द लेखात नसता तर तो ग्रीक परंपरेतला आहे अशी शंकाही आली नसती. नावावर नाव चढवण्याचा शब्दशः प्रकारही याच काळातला : नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला आहे.

एकच नाव भाषा बदलली की कसे पालटते, याचा नमुना उत्तर सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर मिळतो. एका बाजूला प्राकृत लेख, दुसऱ्या बाजूला तमिळच्या जवळची द्राविडी भाषा. तिथे ‘वासिठि’चे ‘वाहिट्ठि’, ‘पुत’चे ‘माकण’, ‘सिरि’चे ‘तिरु’ आणि ‘सातकणि’चे ‘हातकणि’ होते. ग्रीक भूगोलकार टॉलेमीने पैठणच्या ‘सिरि पुळुमावी’चे ‘सिरोप्टोलेमाइओस’ करून त्यात स्वतःचेच नाव घुसवले!

आजची काही मराठी आडनावे प्राचीन राजवंशांशी जोडली जातात. ‘यादव’चे ‘जाधव’ होणे ध्वनिनियमांना धरून आहे. ‘यात्रा’ची ‘जत्रा’ आणि ‘यव’चे ‘जव’ तसेच झाले. ‘मौर्य’ ते ‘मोरे’ हा प्रवासही शक्य आहे, शिवाय ६३४-३५ च्या ऐहोळे शिलालेखात कोकणातल्या मौर्यांचा उल्लेख आहे. पण शब्दाची वंशावळ जुळली म्हणून माणसांची जुळत नाही. राजाचे नाव चाकरांनी, कुळांनी आणि गावांनीही घेतलेले असू शकते. सातवाहनांचे नाव रोजच्या वापरात उरले ते पंचांगात. ‘सातवाहन’चे अपभ्रष्ट रूप ‘शालिवाहन’, आणि इ. स. ७८ मध्ये सुरू झालेल्या कालगणनेला मध्ययुगात ते जोडले गेले. त्याच्या शेजारी बसलेला ‘शक’ हा शब्द मात्र ज्यांचा निःपात केल्याचे बलश्री आपल्या मुलाबद्दल अभिमानाने सांगते, त्याच शत्रूंचा आहे.