दृष्टिपटलातील रक्तवाहिन्यांच्या मापनाची विश्वसनीयता (ज्येष्ठांमधील)

डोळ्याच्या पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाचे, छायाचित्र घेऊन त्यातील सूक्ष्म धमन्यांची व शिरांची रुंदी आणि वळणे मोजली जातात. तीच मोजणी त्याच व्यक्तीवर पुन्हा केली असता उत्तर कितपत जुळते, याला त्या मापनाची विश्वसनीयता म्हणतात. शरीरातील बारीक रक्तवाहिन्या चिरफाड न करता थेट पाहता येतील अशी दुसरी जागा क्वचितच सापडते. त्यामुळे रक्तदाब, मधुमेह, पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश यांच्या अभ्यासात हे मापन वापरले जाते, आणि असे अभ्यास बहुधा उतारवयातील लोकांवरच होतात. मात्र हे मापन सर्वांत अवघड जाते तेही याच वयात.

प्रचलित पद्धतीत ऑप्टिक डिस्कच्या, म्हणजे दृष्टिपटलावर जेथून दृष्टिचेता बाहेर पडते त्या गोल भागाच्या, कडेपासून अर्ध्या ते एक डिस्क-व्यास अंतरावरील पट्टा निवडतात. त्यातील सर्वांत रुंद सहा धमन्या व सहा शिरा मोजून, नुड्टसन व सहकाऱ्यांनी 2003 मध्ये मांडलेल्या सूत्राने प्रत्येक गटासाठी एकच आकडा काढतात. रक्तवाहिनीची भित्ती पारदर्शक असल्यामुळे छायाचित्रात प्रत्यक्षात मोजला जातो तो आतील रक्ताचा स्तंभ. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर त्याची रुंदी थोडी बदलते, म्हणून लागोपाठ घेतलेल्या दोन छायाचित्रांतही किंचित फरक राहतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत यात आणखी कारणांची भर पडते. मोतीबिंदूमुळे वाहिन्यांच्या कडा पुसट होतात आणि रुंदी नेमकी कोठून कोठवर धरायची हे ठरवणे कठीण जाते. वयानुसार बाहुली लहान होते, आणि दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांची बाहुली थेंब घालूनही पुरेशी उघडत नाही. थेंब न घालता छायाचित्र घेतले, तर पहिल्या झगमगाटाने बाहुली आकसते आणि दुसऱ्या छायाचित्रासाठी काही मिनिटे थांबावे लागते. मान स्थिर न राहणे, कोरडे डोळे, ठरावीक दिव्याकडे नजर रोखून ठेवता न येणे हेही नित्याचेच. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे छायाचित्र शेजारी ठेवून वाहिन्या बदलल्या असे म्हणणे तर फारच धोक्याचे, कारण तेथे प्रकाश ज्यातून जातो ते डोळ्यातील भिंगच बदललेले असते.

बडोद्याच्या दांडिया बाजारातील सत्तरीच्या एका मराठी गृहस्थांचे कल्पित उदाहरण घेऊ. ते सकाळी कमाटीबागेत फेरफटका मारून थेट तपासणीला आले, तर नाडी व रक्तदाब स्थिरावलेले नसतात. आणि रक्तदाब बदलला की पडद्यातील धमन्या आपली रुंदी स्वतःहून जुळवून घेतात. पुढच्या खेपेला ते दुपारी, विश्रांतीनंतर आणि दुसऱ्या कॅमेऱ्यासमोर बसले, तर आकडा बदलण्यास रोगाची गरज उरत नाही. म्हणून काही वेळ शांत बसवणे, दिवसाची वेळ व कॅमेरा तोच ठेवणे, आणि ऐकू कमी येणाऱ्यास ‘पापणी न हलवता हिरव्या दिव्याकडे बघा’ ही सूचना त्याच्या सवयीच्या भाषेत, मराठीत किंवा गुजरातीत, सावकाश सांगणे हा मापनाचाच भाग मानला पाहिजे.

विश्वसनीयता बहुधा आंतरवर्ग सहसंबंध गुणांकाने सांगितली जाते. हा गुणांक म्हणजे एकूण विचरणात (आकड्यांच्या विखुरणीच्या मापात, म्हणजे प्रमाण विचलनाच्या वर्गात) व्यक्ती-व्यक्तींमधील खऱ्या फरकाचा वाटा. त्यामुळे तो केवळ यंत्राचा गुण नसतो. समजा मापनातील त्रुटीचे प्रमाण विचलन 5 मायक्रोमीटर आहे. व्यक्तींमधील प्रमाण विचलन 15 असेल तर गुणांक 0.90 येतो, तेच 8 असेल तर, त्रुटी तितकीच असूनही, तो 0.72 वर उतरतो. याच त्रुटीच्या हिशेबाने एका व्यक्तीच्या दोन मापनांत सुमारे 14 मायक्रोमीटरहून कमी फरक आढळला, तर तो खरा बदल आहे असे खात्रीने म्हणता येत नाही. वयोमानाने धमन्या अरुंद होतात, पण दशकभरात साधारण काही मायक्रोमीटरच. म्हणून हे मापन मोठ्या गटांच्या तुलनेत उपयोगी ठरते, परंतु एकट्या रुग्णाचा निवाडा त्यावर करणे घाईचे आहे.

आणखी एक बाब अहवालांत सहज झाकली जाते. न वाचता येणारी छायाचित्रे गणनेतून वगळली जातात आणि ती बहुधा अधिक वयाच्या, अधिक आजारी व दाट मोतीबिंदू असलेल्या लोकांची असतात. उरलेल्या स्वच्छ छायाचित्रांवरून काढलेला उच्च गुणांक सर्व ज्येष्ठांना लागू करणे चुकीचे आहे; किती छायाचित्रे का वगळली हे गुणांकाशेजारीच छापले पाहिजे.

संगणकीय आज्ञावलीने मोजणाऱ्याच्या हाताचा फरक जातो. पूर्णतः स्वयंचलित आज्ञावली एकाच छायाचित्रावर शंभर वेळा चालवली तरी तेच उत्तर देते, परंतु त्याने माणसाला उठवून, पुन्हा बसवून घेतलेल्या छायाचित्रांतील तफावत कळत नाही. ज्येष्ठांबाबत निर्णायक चाचणी म्हणजे अशा पुन्हा घेतलेल्या छायाचित्रांची तुलनाच होय.